तारखेला नागपूरला जाताय? तीन तास वेगळे काढा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पर्यटनाचे पान नेमाने येते. कधी काश्मीर, कधी केरळ, कधी परदेश. ते जरूर यावे. पण आर्वी, राळेगाव, उमरेड, साकोली, भिवापूर या भागांतून रोज सकाळच्या गाडीने जी माणसे नागपूरला जातात, त्यांच्या कामाचे त्यात काही नसते. ही माणसे फिरायला जात नाहीत, तारखेला जातात. कोणाची कोर्टात तारीख, कोणाची मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात फेरतपासणी, कोणाच्या मुलीच्या प्रवेशाचे कागद, कोणाच्या घरचा लग्नाचा बस्ता. वर्षाकाठी चार-सहा फेऱ्या होतात. वीस वर्षे नागपूरला जा-ये करणाऱ्या माणसाला शहरात काय पाहिले म्हणून विचारा. गणेशपेठचे बसस्थानक, दवाखान्याची रांग आणि बर्डीचा (सीताबर्डीचा) मेन रोड, याच्या पलीकडे त्याचे नागपूर जात नाही.

यात त्याचा दोष नाही. परगावी कामाला गेलेला माणूस ओळखीची वाट सोडत नाही. तोच ऑटो, तीच चहाची टपरी, तीच परतीची गाडी. वाट चुकली तर काम बुडेल, गाडी हुकेल, ही भीती खरी आहे. ती भीती पोटात ठेवूनच आम्ही सुचवतो की दर फेरीत एक नवी गोष्ट करावी, आणि एकच करावी. ती घरूनच ठरवलेली असावी, कामाच्या वाटेवरची असावी आणि तीन तासांत बसणारी असावी. तासाभराचे जाणे-येणे, दीड तास प्रत्यक्ष पाहणे आणि अर्धा तास चुकण्यासाठी राखीव. हा अर्धा तास ज्यांनी धरला नाही त्यांचा बेत बहुधा फसतो.

दुसरी गोष्ट वेळेची. ‘काम झाले की पाहू’ असे ठरवून निघालेला माणूस काहीच पाहत नाही. काम संपेपर्यंत चार वाजतात, पाय दुखतात, परतीच्या गाडीची घाई सुरू होते. मोकळा वेळ असतो तो कामाच्या मधल्या फटीत. दवाखान्यात सकाळी रक्त दिले आणि रिपोर्ट दुपारी मिळणार असेल, तर मधले तीन तास बाकावर बसूनच जातात. ते आपले आहेत. रुग्णाला सोबतीला एक माणूस असेल तर दुसऱ्याने लहानग्याला घेऊन निघावे. फक्त रिपोर्टची खिडकी किती वाजता बंद होते ते निघण्याआधी विचारून कागदावर लिहून घ्यावे. कोर्टाचे मात्र उलटे. बोर्डावर आपला नंबर मागे दिसला म्हणून बाहेर पडू नका. वरची प्रकरणे पटापट तहकूब होतात आणि पुकारा झाला तेव्हा पक्षकार हजर नाही, असे घडते. तारखेच्या दिवशी वकिलांनी ‘आता जा’ म्हटल्यावरच हलावे. आदल्या संध्याकाळी पोहोचणाऱ्यांनी ती संध्याकाळ धरावी.

सर्वांत जास्त बेत सोमवारी फसतात. मध्यवर्ती संग्रहालय, महाराजबाग, गोरेवाड्याचे प्राणिउद्यान आणि नॅरोगेज रेल्वे संग्रहालय, चारही ठिकाणे सोमवारी बंद असतात. आणि आपल्याकडची माणसे रविवार घरी काढून सोमवारीच कामाला नागपूर गाठतात. लेकरांना घेऊन दारापर्यंत जायचे आणि कुलूप पाहून परतायचे, असे एकदा झाले की माणूस पुन्हा त्या वाटेला जात नाही. तारीख सोमवारची असेल तर दीक्षाभूमी, झिरो माइल, रमण विज्ञान केंद्र किंवा नुसती मेट्रो, यांतले काही धरावे.

मेट्रोपासूनच सुरुवात करावी, कारण तिच्यामुळे बाकीचे सारे जवळ आले आहे. पहिला टप्पा मार्च २०१९ मध्ये सुरू झाला आणि ११ डिसेंबर २०२२ पासून दोन्ही मार्ग पूर्ण धावू लागले. नारिंगी मार्ग खापरीहून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत, म्हणजे वर्धा रोडपासून कामठी रोडपर्यंत जातो. अ‍ॅक्वा मार्ग पारडीकडच्या प्रजापती नगरहून हिंगणा रोडवरच्या लोकमान्य नगरपर्यंत. दोन्ही सीताबर्डीला एकमेकांना छेदतात. म्हणून आपली एसटी कोणत्या रोडने शहरात शिरते ते पाहून उतरावे. भंडारा, साकोलीकडून येणाऱ्यांना प्रजापती नगर सोयीचे. रामटेक, मनसरकडून येणाऱ्यांना ऑटोमोटिव्ह चौक. वर्धा, हिंगणघाट, यवतमाळ, वरोरा या बाजूच्यांना छत्रपती चौक किंवा अजनी चौक. इथे एक चूक नेहमी होते. वर्धा रोडवर तीन किलोमीटरहून थोडा जास्त लांबीचा उड्डाणपूल आहे. त्याच खांबांवर खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल आणि वर मेट्रो अशी रचना आहे. गाडी पुलावरून गेली तर छत्रपती चौक पायाखालून निघून जातो आणि माणूस थेट अजनीला उतरतो. वाहकाला जामठ्याच्या आधीच ‘कुठून नेता, वरून की खालून’ असे विचारून ठेवावे. उमरेड, काटोल आणि अमरावती रोडला मेट्रो नाही. तिकडच्यांनी सरळ बर्डी किंवा गणेशपेठ गाठावे. गणेशपेठहून कॉटन मार्केटचे स्टेशन त्यातल्या त्यात जवळ आहे.

मेट्रोत पहिल्यांदा चढणाऱ्याला गाडीची भीती वाटत नाही, सरकत्या जिन्याची वाटते. आयाबाया जिन्यापाशी येऊन थबकतात, मागची गर्दी ढकलते आणि तोल जातो. जिन्यावर पाय ठेवताना आधी उजव्या हाताने बाजूचा काळा पट्टा धरावा. तोही पायऱ्यांबरोबर सरकतो. मग पिवळ्या रेघांच्या आत, एका पायरीच्या मधोमध पूर्ण पाऊल टाकावे. दोन पायऱ्यांच्या सांध्यावर पाऊल पडले की वर जाताना पायरी फुटते आणि माणूस मागे कलतो. लुगड्याचा घोळ, धोतराचा सोगा, मुलाच्या बुटाची नाडी कडेच्या फटीपासून दूर ठेवावी. वर पोहोचताना पाऊल उचलून पुढे टाकावे आणि तिथेच न थांबता दोन पावले बाजूला व्हावे. हे नको असेल तर लिफ्ट असते, विचारायला लाजू नये. तिकीट खिडकीवर स्टेशनचे नाव सांगून मिळते. थोड्या अंतराला दहा-वीस रुपयांच्या आसपास पडते. एसटीच्या सवयीने लोक बसल्यावर तिकिटाची गुंडाळी करून फेकतात. तसे करू नये. बाहेर पडतानाचे फाटकही त्याच तिकिटावर उघडते.

नुसती मेट्रोची फेरी करायची असेल तर बर्डीहून लोकमान्य नगरकडे जावे. सुभाष नगरच्या आसपास खिडकीतून अंबाझरीचे पाणी दिसते. हा तलाव १८७० सालचा. आपल्या भागात धरणाच्या भिंतीवर उभे राहून पाणी पाहिलेले असते, शहराच्या मधोमध एवढे पाणी वरून पाहणे निराळे. दुसरीकडे, कामठी रोडच्या बाजूला गड्डीगोदामजवळ खाली रस्ता, त्यावर रेल्वेचे रूळ, त्यावर उड्डाणपूल आणि सर्वांत वर मेट्रो, असे चार थर एकावर एक आहेत. अभियांत्रिकीला जाऊ पाहणाऱ्या मुलाला हे खालून एकदा आणि वरून एकदा असे दोन्हीकडून दाखवावे.

आता कोर्टवाल्यांसाठी. हायकोर्ट आणि जिल्हा न्यायालय सिव्हिल लाइन्समध्ये आहे आणि अजब बंगलाही त्याच भागात, बर्डीहून चालत जाण्याइतका. १८६३ साली स्थापन झालेले हे मध्यवर्ती संग्रहालय. लोक आत जातात, भुसा भरलेला वाघ पाहतात, पोरांना मगर दाखवतात आणि वीस मिनिटांत बाहेर येतात. गावाकडच्या माणसाला तर वाघाचे अप्रूप तेवढे नसते, ताडोबा आणि उमरेड-कऱ्हांडल्याच्या आसपासच्या शेतकऱ्याला तो नकोसा झालेला आहे. आमची विनंती अशी की पशुपक्ष्यांचे दालन शेवटी ठेवावे आणि आधी मूर्ती व अभिलेखांकडे जावे. सारा बंगला एका फेरीत पाहायचा नाही. दोन दालने पुरेत, उरलेली पुढच्या तारखेला.

ताम्रपटांसमोर, म्हणजे तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेल्या लेखांसमोर थांबलात तर एक गोष्ट बारकाईने पाहा. विदर्भावर राज्य केलेल्या वाकाटक राजांच्या काळातली अक्षरे असतील तर प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर एक बारीक चौकोन दिसतो. आपण देवनागरीत जिथे रेघ ओढतो तिथे त्यांनी पेटी कोरली आहे. म्हणून या वळणाला पेटिकाशीर्षक म्हणतात. पत्र्याला एका बाजूला भोक असते, त्यातून कडी ओवून पाने एकत्र बांधत आणि कडीला राजाची मुद्रा लावत. आपल्या कागदांच्या गठ्ठ्याला टोचा मारून दोरा ओवतात तसेच. आणि मजकूर काय? बहुतेक वेळा जमिनीचा. अचलपूरजवळच्या चम्मक गावी सापडलेल्या ताम्रपटात वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाने मधुनदीच्या काठचे चर्मांक हे गाव एक हजार ब्राह्मणांना दिल्याची नोंद आहे. जमीन किती, कोणत्या राज्यातली, गावकऱ्यांवर कोणते कर लावायचे नाहीत, हे सारे त्यात लिहिलेले आहे. चर्मांकाचे चम्मक झाले, पण गाव आजही तिथेच आहे. सातबाऱ्याच्या एका नोंदीसाठी तलाठ्याकडे आणि कोर्टात चकरा मारणाऱ्या माणसाला हे दीड हजार वर्षांपूर्वीचे दानपत्र जितके आतून कळेल तितके पुस्तकी अभ्यासकालाही कळणार नाही, असे आम्हाला मनापासून वाटते. हे लेख वाचून, लावून छापण्याचे प्रचंड काम नागपूरच्याच महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी केले. त्यांचा वाकाटक लेखांचा संग्रह १९६३ साली प्रसिद्ध झाला.

इथे तीन गोष्टी नडतात. पहिली म्हणजे चष्मा. वाचायचा चष्मा लोक घरी ठेवून येतात आणि पाट्यांवरची अक्षरे बारीक असतात. दुसरी, काचेवर उजेड पडून आतले दिसत नाही. समोरून न पाहता एक पाऊल बाजूला सरकून तिरके पाहावे, कोरीव अक्षर तिरक्या नजरेलाच उठून दिसते. तिसरी, मोबाइलचा झोत मारून फोटो काढणे. आधी दारावर विचारावे. सकाळी उघडल्यावर लगेच जाणे चांगले. दुपारी शाळांच्या सहली येतात.

मेडिकलला आलेल्यांसाठी मेट्रो जवळ नाही, पण गांधीसागर तलावाकाठचे रमण विज्ञान केंद्र ऑटोने फार लांब नाही. गणेशपेठ बसस्थानकाहूनही ते जवळ आहे, त्यामुळे परतीच्या गाडीला अवकाश असेल तरी जमते. केंद्र १९९२ सालचे, तारांगण १९९७ पासूनचे. ज्यांच्या नावाने ते आहे ते चंद्रशेखर वेंकट रमण वित्त खात्यात नोकरीला असताना काही काळ नागपुरात होते. तारांगणाचा खेळ सुरू झाला की दार बंद होते. अंधारात उशिरा आलेल्याला सोडत नाहीत आणि सोडूही नये. मराठी, हिंदी, इंग्रजी खेळांच्या वेळा निरनिराळ्या असतात. तिकीट काढतानाच ‘मराठी कितीचा’ असे विचारावे, नाहीतर आजी आणि नातू दोघेही इंग्रजी ऐकत बसतात. घुमटाकडे मान वर करून पाहायचे असल्याने अगदी पुढची खुर्ची नको, मागच्या ओळीतून जास्त आभाळ दिसते. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळिशी गाठतो तेव्हा दुपारी बारा ते चार जाण्याजोगी जी थोडी ठिकाणे आहेत त्यांतले हे एक. उन्हाळ्यात उघड्यावरचे काहीही सकाळी दहाच्या आत किंवा पाचनंतर. एरवी डोक्याला दुपट्टा आणि पिशवीत पाण्याची बाटली हवीच.

दीक्षाभूमीवर आपल्या भागातले बहुतेक लोक धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या गर्दीत गेलेले असतात. त्यांनी एकदा साध्या दिवशी जावे. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह जिथे धम्म स्वीकारला तिथला हा स्तूप आतून पोकळ आहे. उंची १२० फूट आणि व्यासही तेवढाच. गर्दीत ही पोकळी कळत नाही. आत चार-पाच माणसेच असताना हळू बोललेला शब्दही घुमटाखाली कसा फिरतो ते कळते. म्हणून तिथे बोलूच नये. राहाटे कॉलनीच्या मेट्रो स्टेशनहून चालत जाता येते.

उमरेड, भिवापूर, नागभीडच्या लोकांनी मात्र कडबी चौकाजवळ मोतीबागेतले नॅरोगेज रेल्वे संग्रहालय सोडू नये. नागपूर-नागभीड छोटी गाडी नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाली. तिच्या रुळांची रुंदी अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. ज्यांच्या दोन पिढ्या त्या गाडीने कोर्टात, दवाखान्यात आणि सोयरिकीला गेल्या, त्यांच्या नातवंडांनी तिचे इंजिन हाताने चाचपून पाहावे. आमच्या आर्वीकडेही पुलगावहून अशीच छोटी गाडी येत असे. मेट्रोचे स्टेशन कडबी चौकाच्याच नावाचे आहे.

झिरो माइलचा दगड येता-जाता दिसतो, पण थांबून वाचत कोणी नाही. इंग्रजांच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची ती खूण, १९०७ सालची. खांबाच्या बुडाशी गावांची नावे आणि मैलांतली अंतरे कोरली आहेत. जबलपूर १७०, रायपूर १७४, हैदराबाद ३१८. मुलांना एक मैल म्हणजे १.६ किलोमीटर सांगून तिथेच गुणाकार करायला लावावा. पंधरा मिनिटांचे काम आहे. डिसेंबरात विधिमंडळाचे अधिवेशन असते तेव्हा हा भाग मोर्चे आणि लाकडी कठड्यांनी अडवलेला असतो, लॉजही मिळत नाहीत. त्या काळात नागपूरचे टाळता येण्याजोगे काम टाळावेच. सीताबर्डीचा किल्ला मात्र रोज उघडा नसतो. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या तीन दिवशी लोकांना आत सोडतात. २६ व २७ नोव्हेंबर १८१७ ला भोसल्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली ती याच टेकडीवर. ओळखपत्र जवळ ठेवावे.

मेयो रुग्णालयात काम असेल आणि दिवस पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाचा असेल, तर मारबत, म्हणजे वाजतगाजत नेऊन जाळतात तो पुतळा, पाहून घ्यावी. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असे मानले जाते. त्या दिवशी महाल, इतवारीतून वाहने चालत नाहीत, त्यामुळे अग्रसेन चौक किंवा चितार ओळीच्या स्टेशनवर उतरून पायीच जावे. लहान मुलाच्या खिशात घरच्यांचा मोबाइल नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. आपल्याकडे गावोगावी मारबत काढतात, पण नागपूरच्या मारबतीसोबत निघणारे बडगे, म्हणजे टीकेची सोंगे असलेले पुतळे, दरवर्षी त्या-त्या वर्षाच्या अडचणीवर असतात, ते पाहण्यासारखे आहे.

खाण्याचेही नवेपण असू द्यावे. तर्री पोहे आता तालुक्याच्या ठिकाणी मिळतात, ते सोडा. सावजी जेवायचे असेल तर आधी अर्धी प्लेट मागवावी. हलबा कोष्टी विणकरांच्या घरातून आलेला हा स्वयंपाक आहे. त्याची खरी ताकद तिखटापेक्षा भाजून वाटलेल्या गरम मसाल्यात असते. तिखट जिभेला लागते, मसाला दोन तासांनी पोटात बोलतो. म्हणून परतीच्या चार तासांच्या एसटीआधी ते पोटभर खाऊ नये. शाकाहारी माणसाने पाटोडी-रस्सा (बेसनाच्या वड्यांचा रस्सा) घ्यावा. तवंग नको असेल तर वाटी हलवू नये, वरचे तेल चमच्याने बाजूला करून खालचा रस्सा घ्यावा.

आमच्या मते मुद्दाम थांबून पाहावी अशी गोष्ट लांब रोटी, जिला मटका रोटीही म्हणतात. संध्याकाळी रस्त्याकडेला चुलीवर उलटे घातलेले मोठे मडके दिसले की तिथे उभे राहावे. चांगल्या लोकवन गव्हाचे बारीक पीठ मिठाच्या पाण्यात भिजवतात, पण पोळीच्या कणकेसारखे घट्ट नाही. पाण्याचा हात लावत लावत ते इतके सैल करतात की ताटातून उचलले तर तारा सुटतात. मग ते उचलून आपटतात, पुन्हा उचलतात, पुन्हा आपटतात. या आपटण्यानेच चिकाला ताण येतो. इथे कंटाळा केला की रोटी पसरताना मधेच फाटते. मुरलेल्या पिठाचा गोळा एका पंजावर घेऊन बाई तो दुसऱ्या हातावर टाकते, तिथून परत पहिल्या. प्रत्येक झेपेला तो लांबत जातो, पंजापासून कोपरापर्यंत येतो आणि धोतराच्या पदरासारखा पातळ होऊन लोंबू लागतो. त्याच झोकात ती तो तापल्या मडक्याच्या पाठीवर अंथरते. कडा सारख्या करायला एकच क्षण मिळतो. मडके पुरेसे तापले नसेल तर रोटी चिकटते, फार तापले असेल तर अंगभर काळे ठिपके पडतात आणि मध्यभाग कच्चा राहतो. मिनिटभरात सुटलेली रोटी चौपदरी घडी करून कापडात ठेवतात. गार झाली की ती वातड होते, म्हणून बांधून गावी नेण्याचा मोह धरू नये, तिथेच खावी. आपल्या रोडग्या-पानग्यांची ज्याला पारख आहे त्याला हे हात लगेच ओळखू येतील.

शेतकऱ्यांसाठी आणखी एक. अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आणि वर्धा रोडवर केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. दोन्ही शनिवार-रविवारी बंद. रिकाम्या हाताने जाऊन ‘झाड वाळते’ एवढे सांगून उपयोग नसतो. डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) असेल तर खोडाचा आणि बुंध्याजवळच्या मुळांचा स्पष्ट फोटो, रोगट फांदी पानांसकट, आणि चार-पाच ठिकाणची माती एकत्र करून त्यातली अर्धा किलो कापडी पिशवीत न्यावी. पिशवीवर गट नंबर, बागेचे वय आणि शेवटचे खत कधी दिले ते लिहावे. नुकतेच खत टाकलेल्या वाफ्यातली माती घेऊ नये, निकाल चुकतो.

परतीचे गणित आधी करावे. उतरल्याबरोबर चौकशी खिडकीवर शेवटच्या दोन गाड्या विचारून घ्याव्यात आणि शेवटच्या आधीची आपली मानावी. महिलांना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धे तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास. वयाच्या पुराव्यासाठी ओळखपत्र जवळ हवे. ही सवलत एसटीची आहे, शहर बस आणि मेट्रोत ती धरून चालू नये. सामान एकाच खांद्यावर मावेल एवढे असावे. रेल्वे स्टेशनवर सामान ठेवण्याची सोय आहे, पण पिशवीला कुलूप आणि हाती रेल्वेचे तिकीट लागते. एसटीने आलेल्याला ती उपयोगाची नाही. बस्ता बांधायला आलेल्यांनी म्हणूनच नवी गोष्ट आधी आणि खरेदी नंतर ठेवावी. चार साड्यांचे गाठोडे घेऊन तारांगणात बसता येत नाही.

नाटकाचे तेवढे जमवणे कठीण आहे. झाडीपट्टीत रात्र रात्र नाटक पाहणारा आपला माणूस नागपूरला जातो तेव्हा देशपांडे सभागृहातला किंवा रेशीमबागेच्या सुरेश भट सभागृहातला प्रयोग त्याला गाठता येत नाही, कारण पडदा पडेपर्यंत गाडी गेलेली असते. मुक्काम नातेवाइकांकडे असेल त्याच फेरीत हे ठरवावे आणि त्यांनाही सोबत न्यावे. नागपुरात राहणाऱ्या पाहुण्यांनीही वर लिहिलेल्यातले निम्मे पाहिलेले नसते.

संपादक महोदय, आपल्याकडे दोन मागण्या आहेत. जिल्ह्याच्या पानावर दर शनिवारी एक छोटी चौकट द्यावी: येत्या आठवड्यात नागपुरात काय बंद, तारांगणाचे मराठी खेळ किती वाजता, सभागृहांत कोणता प्रयोग, आणि अधिवेशन किंवा मोर्चामुळे कोणते रस्ते अडणार. नागपूर आवृत्तीत हे तुकड्या-तुकड्यांनी येते, पण ती आवृत्ती आमच्याकडे येत नाही. दुसरे, संग्रहालयांच्या व्यवस्थापनांपर्यंत आपल्या पानावरून एवढे पोहोचवावे की महिन्यातला किमान एक सोमवार दारे उघडी ठेवून त्याऐवजी दुसरा वार बंद ठेवावा आणि पाट्यांवरचे मराठी हातभर अंतरावरून वाचता येईल एवढे मोठे करावे. चष्मा विसरून आलेला म्हातारा आणि चौथीतला पोरगा, दोघांनाही ते वाचता यावे.

आपले,
आर्वी तालुक्यातील काही वाचक,
जि. वर्धा